तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रुडॉल्फ’ नेमका कुठला बघायचा?

डिसेंबर लागला की हा प्रश्न हटकून येतो, त्यातही अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून: लाल नाकाच्या रेनडियरचा तो जुना बाहुल्यांचा कार्यक्रम मुलांना दाखवायचाय, पण दर वेळी वेगळाच दिसतो. कुठे एक गाणं, कुठे दुसरं. मग खरा कुठला?

‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडियर’ पहिल्यांदा 6 डिसेंबर 1964 ला एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर लागला. पुढच्याच वर्षी त्यात कापाकापी झाली. 1964 च्या शेवटात, बिनकामाची ठरलेली खेळणी ज्या बेटावर पडून असतात तिथे सांताक्लॉज परत जातच नव्हता. त्यांना सोडवायचं वचन दिलं आणि विसरून गेले, म्हणून प्रेक्षकांनी तक्रारीची पत्रं पाठवली. 1965 मध्ये नवं दृश्य जोडलं: सांताची गाडी बेटावर उतरते, खेळणी चढतात आणि शेवटच्या नामावलीत एक एल्फ, म्हणजे सांताचा बुटका मदतनीस, त्यांना छत्री देऊन खाली सोडतो. इथे डोळे उघडे ठेवा. उडता न येणारा, फक्त पोहणारा पक्षी त्याच्या हातात येतो आणि तो त्याला बिनछत्रीचाच सोडून देतो! माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातली ही सगळ्यात क्रूर जागा, आणि तीही तक्रार मिटवायला घातलेल्या दृश्यात.

नव्या भागासाठी जुनं काहीतरी जाणारच. रुडॉल्फ आणि दंतवैद्य व्हायची हौस असलेला एल्फ हर्मी यांचं ‘वी आर अ कपल ऑफ मिसफिट्स’ हे गाणं काढून ‘फेम अँड फॉर्च्युन’ आलं. खाणी शोधत फिरणाऱ्या युकॉन कॉर्नेलियसला शेवटाकडे पेपरमिंटची खाण सापडते, ते दृश्यही गेलं. परिणाम असा की हा गडी कुदळ हवेत फेकतो, खाली आली की चाटतो आणि ‘काही नाही’ म्हणतो, ते का, हे पुढच्या कित्येक वर्षांच्या प्रेक्षकांना कळलंच नाही. तो सोनं चव घेऊन शोधतोय अशीच बहुतेकांची समजूत. 1998 मध्ये मूळ दृश्यं परत जोडायला सुरुवात झाली. तेव्हा हातातली प्रत ओळखायची तर दोघांचं गाणं कुठलं आहे ते पाहा आणि कुदळ चाटण्याचा उलगडा होतो का ते पाहा. मी खाण असलेलीच प्रत सुचवेन.

टीव्हीवर लागतो तो आणखी तोकडा असतो. 1964 मध्ये तासाभराच्या जागेत कार्यक्रमाला पन्नासेक मिनिटं मिळत. आता जाहिराती त्याहून बरीच जास्त जागा खातात, म्हणून एल्फांच्या गाण्यासारखे भाग कातरले जातात. शक्य असेल तर डीव्हीडीसारख्या डिस्कवरच पाहा.

पाहण्याआधी टीव्हीवर दोन गोष्टी करा. एक, चित्र 4:3 वर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात ठेवा. पडदा भरावा म्हणून ताणलं तर बाहुल्या रुंद दिसतात आणि ‘झूम’ केलं तर वरून शिंगं कापली जातात. दुसरी अधिक महत्त्वाची: मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणारी टीव्हीची सोय, बंद करा. कंपनीप्रमाणे त्याला ट्रूमोशन, मोशनफ्लो अशी नावं असतात. हे काम स्टॉप-मोशनचं. बाहुली जराशी हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. सेकंदाला 24 फ्रेम लागतात आणि एक पोझ सहसा दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला 12 पोझ. दोन पोझमधली ती बारीकशी उडी हीच या कामाची चाल आहे. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि बाहुल्या तेलावरून घसरल्यासारख्या सरकू लागतात. कधीकधी हलत्या पायांच्या कडाही वितळल्यासारख्या दिसतात.

निर्माती कंपनी रँकिन/बास न्यूयॉर्कची. आवाज आधी टोरांटोत कॅनडाच्या कलाकारांकडून भरून घेतले, फक्त सूत्रधार हिममानवाचा आवाज अमेरिकन गायक बर्ल आयव्ह्‌स यांचा. आणि बाहुल्यांचं चित्रीकरण टोकियोत तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झालं. मोचिनागा त्याआधी काही वर्षं चीनमध्ये बाहुलीपट करत होते. लाकूड, कापड, चामडं आणि तार यांच्या बाहुल्या, रुडॉल्फ जेमतेम वीतभर. हिशेब करून पाहा: 50 मिनिटं म्हणजे 72,000 फ्रेम. अंगावरची लव मध्येच थरथरताना दिसली तर ती प्रतीची खराबी नव्हे. पोझ बदलताना बोटं लागली की केस विस्कटतात, आणि दर वेळी ते वेगळे पडतात.

यातला सांता आणि रुडॉल्फ अजून शाबूत आहेत. रुडॉल्फचं नाक आणि सांताच्या मिशीचा काही भाग गेला होता, तो दुरुस्त करून घेतला. 2020 च्या लिलावात ही जोडी 3,68,000 डॉलरला गेली आणि आता ती अटलांटाच्या सेंटर फॉर पपेट्री आर्ट्‌समध्ये आहे.

मुलांना दाखवावा का, हा पुढचा प्रश्न. पाच-सहा वर्षांच्यांना हिमराक्षस घाबरवतो, त्यांच्यासोबत बसा. पालकांना खुपतं ते वेगळंच: रुडॉल्फचा बाप त्याचं नाक चिखलाने झाकतो, सांता बापालाच बोल लावतो आणि मुलाला शोधायला निघालेल्या आईला ‘हे पुरुषांचं काम’ म्हणून घरी थांबवलं जातं. नाक कामी येईपर्यंत पोराला कुणी विचारत नाही, हे खरंच आहे. तरी मी ती दृश्यं गाळू नका असंच सांगेन. ती गाळली तर तो घर सोडून का जातो, हेच मुलांना कळणार नाही.

आणि शीर्षकाच्या पाटीवर थांबून रोमन आकडे वाचा. 1964 लिहिताना एक ‘एम’ राहून गेलाय, त्यामुळे तिथे साल पडलंय 1164.