पॉलीची फुली

केंटकीतल्या एका काउंटी लायब्ररीच्या स्थानिक इतिहास विभागात मी काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना डॅनियल बून, केंटकीत वस्ती वसवणारा तो प्रसिद्ध वाटाड्या, आपला पूर्वज निघायला हवा असतो. त्यामुळे त्या दिवशी ऐंशीच्या घरातल्या एक बाई वंशावळीची गुंडाळी घेऊन आल्या, तेव्हा मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला.

पण त्यांना बून नको होता. त्यांना हवी होती मेरी. कंबरलँड गॅप ही डोंगरातली खिंड ओलांडून नवऱ्यामागे इकडे आलेली, अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या सैनिकाची बायको. इंटरनेटवरून उतरवलेल्या वंशावळीत तिचा जन्म 1762 च्या सुमाराचा होता आणि थोरला मुलगा 1783 चा. बाई त्या थोरल्याच्या वंशातल्या. "हनी, फक्त तिचं माहेर शोधून दे."

फक्त! 1850 च्या आधीच्या जनगणनेत नाव असतं ते कुटुंबप्रमुखाचं. बाकी घरदार वयाच्या रकान्यांत आकडे होऊन बसलेलं. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या याद्या तर नष्टच झाल्या आहेत. म्हणून 1810 ची उघडली. नवऱ्याच्या ओळीत बायकांचा '45 च्या वर' हा रकाना कोरा, '26 ते 44' मध्ये एक. आमची मेरी तेव्हा 48 ची असायला हवी. गणना करणारे वयं अंदाजाने लिहीत, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण पाल चुकचुकली.

मग तिच्या पेन्शनचे कागद काढले. 1838 च्या कायद्याने सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळालं, अट अशी की लग्न 1 जानेवारी 1794 च्या आधी झालेलं हवं. पुरावा म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलमधलं नोंदींचं पान फाडून पाठवलं. हिनेही पाठवलं होतं. स्कॅनमध्येसुद्धा फाटलेली कड दिसत होती. लग्न 1791 मध्ये. आणि 1839 च्या अर्जात स्वतःचं वय सांगितलेलं, 67.

मी बोटांवर मोजलं. 1783 मध्ये ही मुलगी अकरा वर्षांची.

1791 चा लग्नाचा जामीन, म्हणजे लग्नात कायद्याची अडचण नाही याची पैशांची हमी, आमच्याच मायक्रोफिल्मवर सापडला: 50 पौंड, जामीनदार मुलीचा बाप. म्हणजे मेरीचं माहेर मिळालं, फक्त ती बाईंची कोणी नव्हे. दुसरी बायको ती.

पहिली जमिनीच्या दस्तात भेटली. 1787 ची विक्री. बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन तिची राजीखुशी विचारल्याची नोंद, आणि नाव पॉली. पॉली हे मेरीचंच घरगुती रूप, त्यामुळे वंशावळ जुळवणाऱ्याने दोघींची एकच बाई करून टाकली होती. डोंगर ओलांडून आलेली पॉली मागून आलेल्या मेरीत विरघळली. मला माझी आजी आठवली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. जुनं मला कळलं ते ती गेल्यावर, तिच्या बहिणीकडून.

बाईंना पडद्यावर ते पान दाखवलं. पॉली आणि आडनाव यांच्यामध्ये फुली, फुलीच्या वर 'तिची', खाली 'खूण'. आडनाव अर्थात नवऱ्याचं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "ही तिच्या हातची?"

नाही म्हणावं लागलं. मूळ दस्त जमीन घेणाऱ्याकडे जाई. कचेरीच्या वहीत कारकून नक्कल उतरवून घेई. फुलीसुद्धा त्याचीच.

आमच्याकडे पेन चालत नाही. बाईंनी माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली, वंशावळीत मेरीच्या शेजारी नवा चौकोन काढला, त्यात पॉली लिहिलं आणि आडनावापुरती जागा कोरी सोडली.