लाल चेक्सचा शर्ट

यंदा आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहाऐवजी बँक्वेट हॉलमध्ये बसणार आहे. टेक्ससमध्ये लायसन्स असलं तरी शाळेत बंदूक नेता येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं न निघालेला प्रश्न या बैठकीत निघाला: दाराशी आपलेच बंदूकवाले ठेवायचे का? ६ मे २०२३ ला डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले. आमच्यातल्या बहुतेकांची शनिवारची फेरी तिथेच असायची. त्यानंतर मंडळातल्या चार-पाच जणांनी पिस्तुलं घेतली. एक काका म्हणाले, "लायसन्सवाले चौघं दाराशी उभे करू. वहिनी, तुम्ही पोलिसांतच आहात, तुम्हीच सांगा."

मी पोलिसांत नाही. मी ९११ या आपत्कालीन नंबरवर येणारे फोन घेते. सांगलीला घरी अजून वाटतं की मी कॉल सेंटरमध्ये आहे, आणि ते तसं फार चूकही नाही. बैठकीत मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. मग घरी येऊन रात्री दोनपर्यंत जागी राहिले, म्हणून हे लिहितेय.

आमचा पहिला प्रश्न "काय झालं" हा नसतो, "कुठे" हा असतो. जागा कळली आणि फोन तुटला तरी गाडी पाठवता येते. नुसतं काय झालं ते कळून उपयोग नाही. मोबाइलवरून येणारं लोकेशन म्हणजे नकाशावरचं एक वर्तुळ. त्यात दुकान येतं, पार्किंग येतं, मागचा रस्ताही येतो. माणसाचं वर्णन डोक्यापासून खाली विचारत जायचं आणि बुटांपर्यंत पोचल्याशिवाय थांबायचं नाही. जॅकेट काढून फेकता येतं, पळता पळता बूट कोणी बदलत नाही. आणि गोळीबार "पाहिला की ऐकला" हे विचारायचंच. फोनमध्ये गोळीचा आवाज गोळीसारखा येत नाही. मोठा आवाज फोन कापतो, त्यामुळे रिकाम्या खोक्यावर कोणी टिचकी मारावी तसं टप, टप एवढंच येतं. पहिल्या वर्षी मी दोनदा ते दार आपटल्याचं समजले होते.

माझी झोप उडवणारा तो कॉल आला त्या दिवशी रविवार होता, संध्याकाळची वेळ. हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एकाने आपल्या जुन्या सहकाऱ्यावर गोळ्या झाडल्या आणि तो झाडांच्या विभागातून आत गेला. पहिला फोन गाडीत वाकून बसलेल्या बाईचा. राखाडी हुडी, काळी पँट, बूट दिसले नाहीत. मग सगळ्या लाइनी एकदम पेटल्या. तिसऱ्या फोनवर एक मुलगा म्हणाला, लाल चेक्सच्या शर्टवाला पिस्तूल घेऊन गाड्यांमधून वाकून चाललाय. चौथ्यानेही तेच सांगितलं. मी टाइप केलं, "दुसरा हल्लेखोर असण्याची शक्यता."

"शक्यता" हा शब्द रेडिओवर कधीच टिकत नाही. माझ्या शेजारी रेडिओ सांभाळणारीने तो वाचला होता, रेकॉर्डिंगमध्ये आहे. पण पोलिसांच्या गाड्यांकडून परत आलं ते "कॉपी, दोन हल्लेखोर."

नववा फोन त्याचाच होता. शांत आवाज, पन्नाशीतला असावा. "मॅम, माझ्याकडे बंदूक आहे, पण मी गुड गाय आहे." गुड गाय! हे फोनवर सगळेच म्हणतात आणि आमच्या स्क्रीनवर त्यासाठी रकाना नाही. मी म्हटलं, कपडे सांगा. "लाल-काळा चेक्सचा शर्ट, जीन्स, पिवळट बूट. पांढऱ्या पिकअपच्या मागे गुडघ्यावर बसलोय."

त्याने गोळी झाडली नव्हती. हुडीवाला आत शिरताना त्याच्या नेमात आला होता, पण मागे काचेपलीकडे कुंड्यांच्या रॅकमध्ये माणसं दिसली, म्हणून तो थांबला. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच, आणि तो कुठल्याच अहवालात नाही. टेक्ससच्या लायसन्सची नेमबाजीची परीक्षा म्हणजे तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून कागदावर पन्नास गोळ्या आणि २५० पैकी १७५ गुण. कागदामागे कोण उभं आहे हे कोणी विचारत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर बहुतेकांना बंदूक बाळगायला लायसन्सच लागत नाही.

मी त्याला सांगितलं, पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात ठेवा. तो म्हणाला, "आणि तो परत बाहेर आला तर?" दार त्याच्यापासून तीस पावलांवर. माझ्यापासून सात मैलांवर, आणि मी खुर्चीत, बाजूला थंड झालेला चहा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. थोडा वेळ काहीच नाही, मग प्लॅस्टिकच्या होल्स्टरचा 'कट्' असा आवाज आला. त्याने माझं ऐकलं होतं. पुढे सांगितलं, पोलिस मागून येतील, वळून बघू नका, हात वर आणि बोटं मोकळी. आणि मग जे मी शिफ्टमध्ये पन्नास वेळा म्हणते ते म्हटलं, "फोन ठेवू नका, लाइनवर राहा."

रेडिओवाल्या बाईबद्दल माझं मत एरवी बरं नाही. माझ्या उच्चारांची ती नक्कल करते आणि डेस्कवर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं ठेवते. पण त्या दिवशी चूक दुरुस्त करायला तिने तोच मजकूर तीनदा सांगितला, लाल चेक्स, पांढरा पिकअप, हा सामान्य नागरिक आहे, बंदूक होल्स्टरमध्ये, आणि प्रत्येक गाडीकडून तो परत म्हणवून घेतला. चारही गाड्यांनी म्हटला. पाचवी गाडी शेजारच्या गावाची होती, मदतीला आलेली आणि तिच्या स्वतःच्या चॅनेलवर.

त्या पाचव्या गाडीतलाच पोलिस पिकअपपाशी पहिला पोचला. माझ्या हेडसेटमध्ये "ड्रॉप इट! ड्रॉप इट!" आणि चेक्सवाल्याचा आवाज, तितकाच शांत, "सर, हा फोन आहे. सर, फोन."

मग काहीतरी आपटलं. मग कुठल्यातरी ट्रॉलीचं करकरणारं चाक. रेकॉर्डिंगमध्ये ते अकरा सेकंद आहे.

गोळी सुटली नाही. त्याला पालथं झोपवून बेड्या घातल्या, चाळीसएक मिनिटांनी सोडलं. हुडीवाला आत रंगांच्या डब्यांजवळ बंदूक टाकून बसलेला सापडला. जखमी माणूस वाचला. माझ्या कॉलच्या तपासणीत शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. चार कापले ते फोन करणाऱ्याचं नाव लवकर विचारलं नाही म्हणून. त्याच्या हातातली काळी वस्तू मीच तिथे ठेवायला लावली होती, याला कापायचे गुण फॉर्ममध्ये नाहीत. नियमात लाइनवर ठेवा असंच आहे. "फोन जमिनीवर ठेवा, स्पीकर चालू करा" एवढं मला सुचायला हवं होतं.

हे माझं एकटीचं भूत नाही. २१ जून २०२१ ला कोलोराडोत आर्वाडाला एका माणसाने पोलिसाला मारणाऱ्याला आपल्या पिस्तुलाने टिपलं आणि मग त्याची रायफल उचलली. दुसऱ्या पोलिसाने त्याला रायफलसह पाहिलं आणि गोळी घातली. तो मेला, आणि सरकारी वकिलाने पोलिसाची गोळी कायद्याला धरून ठरवली. २०१८ मध्ये अलाबामातल्या हूव्हरच्या मॉलमध्ये पोलिसांनी एका बंदूकधारी तरुणाला मारून आधी तोच हल्लेखोर असल्याचं जाहीर केलं, मग ते मागे घेतलं. आणि आमच्या डॅलसमध्ये जुलै २०१६ ला पाच पोलिस मारले गेले त्या रात्री, मोर्चात खांद्याला रायफल लावून कायद्याने चाललेल्या माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर फिरवला.

काकांचाही मुद्दा मला मोडता येत नाही. २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये बावीस वर्षांच्या पोराने खांबाचा आधार घेऊन सुमारे चाळीस यार्डांवरून दहा गोळ्यांतल्या आठ लावल्या. तो नसता तर मेलेल्यांचा आकडा तीनवर थांबला नसता. फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंटमध्ये २०१९ च्या डिसेंबरात चर्चच्या सुरक्षा पथकातल्या माणसाने सहा सेकंदांत काम संपवलं. मी काकांना त्या घटनेचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा म्हटलं. हल्लेखोर पडल्यावर बाकांमधून आणखी किती जण पिस्तुलं काढून उभे राहतात ते मोजा. त्या क्षणी पोलिस दारातून आत आले असते तर त्यांनी कोणाकडे बघायचं? टेक्ससमधल्याच सॅन मार्कोसच्या विद्यापीठातून निघालेलं, गोळीबारात सापडलेल्यांसाठीचं प्रशिक्षण आधी दूर जा, मग दार अडवा, काहीच उरलं नाही तर प्रतिकार करा असं सांगतं. दाराशी चौघं उभे करणं या क्रमात कुठे बसवायचं?

काल काकांचा फोन आला. त्यांनी खरंच मोजले होते. म्हणाले, बरं, चौघं नको, दोघं ठेवू, आणि आधी पोलिसांना कळवू. मी विचारलं, त्या दिवशी स्वयंसेवकांचा पोशाख काय?

"नेहमीचाच. पांढरा कुर्ता, भगवा फेटा."

"सगळ्यांना?"

"दीडशे फेटे मागवलेत पुण्याहून."

मी म्हटलं, काका, मग मी रेडिओवर काय सांगू?