हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली की आपल्या खान्देशात सरसकट ‘हाड वाढलं’ म्हणतात आणि डॉक्टरांना सांगतात, तेवढं घासून द्या. नुसतं घासून भागत नाही. पंजातलं पहिलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला झुकतं, अंगठा उलट बोटांकडे वळतो, आणि बाहेर आलेलं त्या हाडाचं डोकं आपल्याला गाठ म्हणून दिसतं. ते सरळ केल्याशिवाय गाठ परत येते.

एक्स-रे उभं राहूनच काढून घ्या. झोपून काढला तर वाकडेपणा कमी दिसतो. अंगठा १५ अंशांपर्यंत वळलेला चालतो, ४० च्या पुढे तो तीव्र समजतात. ऑपरेशन वाकडेपणावर ठरतं. कमी वाकडेपणात हाडाच्या टोकाशी ‘व्ही’ आकाराचा काप घेऊन डोकं जागेवर सरकवतात आणि स्क्रूने धरतात (शेवरॉन). जास्त असेल तर हाडाच्या लांबीत ‘झेड’सारखा काप, म्हणजे स्कार्फ. हाडाच्या बुडाचा सांधाच सैल असेल तर तो कायमचा जोडतात, ती लॅपिडस. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून यातलं काहीही करू नये. रुंद चप्पल घालूनही दुखत असेल, तरच.

तंबाखूचं विचारलं तर बायका ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखू नसते. असते! निकोटिनमुळे हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. मिश्री बंद करा, साखर ताब्यात आणा, मग ऑपरेशनची तारीख घ्या. शेजारच्या बोटातली जोडवीही आधीच काढा. सूज चढल्यावर ती निघत नाहीत.

ऑपरेशननंतर पहिले २ आठवडे पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. टाके साधारण तेव्हाच निघतात. ६ आठवडे खास बूट, टाचेवर भार. लॅपिडसला बरेचदा त्याहून जास्त जपावं लागतं. घरात खरी अडचण संडासाची: उकिडवं बसता-उठताना अंगठा वरच्या बाजूला वळून भार पंजावर येतो. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.

सूज ३ ते ६ महिने राहते, कधी वर्षभर. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा येऊ शकतो, कारण कापाजवळून बारीक नस जाते. व्यायाम टाळला तर सांधा आखडतो. हाड आखूड झालं तर भार दुसऱ्या बोटाखाली सरकतो आणि तिथे घट्टा पडून दुखतं. बहुतेकांचं दुखणं कमी होतं, पण अरुंद चप्पल पुन्हा घालता येईल अशी आशा धरू नका.

फाल्गुनात ऑपरेशन केलं तर पेरणीपर्यंत तीन महिने हातात राहतात. मात्र त्या वर्षी चैत्रातली सप्तशृंग गडाची पायी वारी नाही. आईचं दर्शन गाडीने जाऊन घ्यावं.