तुम्ही विचारलंत म्हणून: दवाखान्याच्या हॉलमध्ये कोणतं संगीत लावू?

जळगाव-धुळ्याकडून हा प्रश्न ठरलेला येतो. दवाखाना नवा, फरशी चकचकीत, पीओपी झालेलं, तरी हॉलमध्ये बसलेला माणूस दहा मिनिटांत वैतागतो. मग डॉक्टर विचारतात, बासरी लावू की संतूर? आमचं उत्तर: तूर्त काहीच नको. घुमणाऱ्या खोलीत बासरीही घुमते. आधी खोली, मग कूलर; संगीत सगळ्यात शेवटी.

हॉल ९ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच धरा. घनफळ १६२ घनमीटर. फरशी, छत, भिंती मिळून १९८ चौरस मीटर. पण गिलावा आणि टाइल्स अंगावर आलेल्या आवाजातला जेमतेम ३ टक्के पितात. म्हणजे अख्ख्या खोलीचं शोषण ६ चौरस मीटर, जणू अंगावर आलेला सगळा आवाज गिळणारी तेवढीच जागा. बसलेला माणूस साधारण ०.४५ ची भर घालतो. दहा पेशंट धरून १०.५. वॉलेस सबाइन यांनी हार्वर्डमध्ये बसवलेलं सूत्र असं: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण. उत्तर येतं अडीच सेकंद. आवाज ६० डेसिबलने विरायला एवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात बोलणारा आणखी पाच-सहा शब्द त्यावर टाकून मोकळा होतो. कंपाउंडर नाव पुकारतो, कुणाला कळत नाही, तो ओरडतो; मग गप्पा मारणारेही आवाज चढवतात.

हे ०.८ सेकंदांवर आणायला शोषण ३३ च्या आसपास लागतं. चांगलं पॅनल चौरस मीटरमागे ०.९ देतं, म्हणजे पॅनल हवीत २५ चौरस मीटर: ४ बाय २ फुटांची ३४. जवळजवळ निम्मं छत. 'चार पॅनलमध्ये भागेल का' असं विचारणाऱ्यांना आम्ही हाच हिशेब दाखवतो.

पॅनल गावातला सुतार करून देतो. लाकडी चौकट, आत ५० मिलिमीटर जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची ग्लासवूल किंवा रॉकवूल, तिच्यावर पातळ नॉनवोव्हन कापड (तंतू झडू नयेत म्हणून), वर दर्शनी कापड. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे. छतापासून ५० मिलिमीटर पोकळी सोडा, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाजही थोडा शोषला जातो. भरताना मास्क आणि हातमोजे घालाच. बिघडतं ते इथे: सुतार हौसेने समोरून प्लाय मारतो, किंवा पेंटर कापडावर रंग फिरवतो. दोन्हींत पॅनल पुन्हा भिंतच होतं. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे आवाज फारसा पीत नाहीत, आग मात्र झटकन धरतात. आणि पॅनल कूलरच्या झोतात नको. ओल धरून महिन्याभरात बुरशी येते.

पॅनल आतलं घुमणं कमी करतात, रस्त्यावरचा ट्रक अडवत नाहीत. त्याला वजन आणि बंद फटी लागतात. धाब्याच्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती ते काम आयतं करायच्या. आज आपण सहा इंची भिंत आणि सरकती खिडकी लावून महामार्गाकडे तोंड करून बसतो. आणि खानदेशात खिडकी बंद करून चालत नाही, कारण कूलर.

खरी गोम इथे आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती दुसरीकडून बाहेर गेली नाही तर खोली दमट होते आणि मे महिन्यात त्याचा उपयोग शून्य. कूलरच्या दर १००० सीएफएमला (म्हणजे मिनिटाला हजार घनफूट हवेला) सुमारे २ चौरस फूट उघडी जागा लागते. ती रस्त्याच्या बाजूला ठेवलीत तर हॉर्न आत येणारच. म्हणून कूलर मागच्या बोळात आणि हवेची वाटही शक्यतो शांत बाजूलाच, पण कूलरच्या समोरच्या टोकाला. जमत नसेल तर उघड्या जागेवर चारेक फूट लांबीची प्लायची पेटी बसवा: आतून ५० मिलिमीटर ग्लासवूल आणि कापड, मध्ये एक वळण. एका टोकातून दुसरं टोक दिसता कामा नये. अस्तर लावल्यावर उरणारी जागा मोजा, तीच खरी.

कूलरचा स्वतःचा आवाज कमी करायचा तर मोठा कूलर घेऊन कमी वेगाने चालवा. पंख्याचा वेग २० टक्के उतरवला की आवाज साधारण ५ डेसिबल उतरतो. स्टँडच्या पायांखाली रबर, खिडकीच्या चौकटीत फोमची पट्टी. गवत क्षारांनी दगडासारखं झालं की हवा ओढताना घरघर वाढते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नवं भरा. पाणी संपत आलं की पंप बोंबलतो. ती तक्रार वेगळी.

आता संगीत. एका कोपऱ्यात मोठा स्पीकर लावला की जवळच्याचे कान किटतात आणि लांबच्याला अर्धवट ऐकू येतं. ३ मीटर उंच छतात छोटे स्पीकर साडेतीन मीटरच्या आसपास अंतराने लावा. या हॉलला सहा पुरतात. आवाज एवढाच की शेजारच्याशी बोलताना कुणाला सूर वाढवावा लागू नये. दवाखान्याऐवजी अभ्यासिका असेल तर शब्द असलेली गाणी नकोच. वाचणाऱ्याचं डोकं शब्दांमागे जातं. कारंज्याचा आग्रह पुष्कळांना असतो. सहा-आठ इंचांवरून दगडावर पडणारं पाणी बोलणं बऱ्यापैकी झाकतं, ट्रकची खालची घरघर झाकत नाही. शिवाय तासभर ताटकळलेल्या पेशंटला पाण्याचा आवाज कुठे पाठवतो, ते आर्किटेक्टने लक्षात घेतलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना लाइट गेल्यावरच कळते. कूलरचा सपाट 'सूंऽऽ' डॉक्टरांच्या केबिनमधलं बोलणं झाकत असतो. तो थांबला की पेशंटची साखर किती निघाली ते अख्ख्या हॉलला ऐकू जातं. त्यासाठी केबिनच्या दाराबाहेर, हॉलच्या बाजूला एक छोटा स्पीकर, त्यावर पावसासारखा अखंड आवाज, ४२ ते ४५ डेसिबलवर. ४८ च्या वर गेला की तोच नकोसा होतो. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. आणि स्पीकरची वायर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, कूलरच्या नव्हे.