बरडच्या वाटेवरचा सुईदोरा

फलटण सोडलं तेव्हाच उजव्या टाचेचा फोड टम्म फुगला होता. त्याआधीचे दिवस आता वेगळे काढता येत नाहीत. दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, सगळं टाळांच्या आवाजात वाहून गेलं. बरडच्या वाटेवरची ती दुपार तेवढी अंगावर राहिली.

वर ऊन, खाली डांबर, पुढे टँकर, मागे टँकर. "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणताना माझा सूर चिडका लागत होता आणि ते मलाच खुपत होतं. शेवटी बाभळीखाली बसले.

एक म्हातारी न विचारता समोर टेकली. "दाव पाय, माउली." सुई काढली, दोरा तेलात भिजवला, फोडातून आरपार ओवला आणि तसाच ठेवला. "पाणी दोऱ्यानं निघंल. कातडी काढू नगंस."

गाव विचारलं. पाटण तालुका, कोयनाकाठ.

"आन् तुझं?"

"किल्लारी."

तिचा हात थांबला. "आमचा सदुसष्टचा. पहाटंचा."

"आमचाही पहाटेचाच, मावशी." आजी म्हणायला जीभ रेटेना.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. मी नऊ वर्षांची. आजी दगडमातीच्या भिंतीखाली गेली; तिची तुळशीमाळ माझ्या गळ्यात आहे. मी भूशास्त्राकडे वळले ती त्या भिंतीपायीच.

"काळा पाषाण एवढा घट्ट, त्यो हालतो कसा गं?"

मी रस्त्याकडेचा खडा उचलला. हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, मावशी, वरचं पांघरूण. किल्लारीत बोअर घेतलं तेव्हा तो ३३८ मीटरवर संपला, तुमच्या कोयनेजवळच्या रासाटीला ९३२ मीटरवर. त्याखाली ग्रॅनाइट, नाइस हे खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्यांच्यातल्या भेगा लाव्ह्याने झाकल्या, सांधल्या नाहीत. आपली भूमी उत्तरेला सरकते, हिमालय उचलते, आणि त्या रेट्याचा ताण इथवर पोचतो. नवा खडक फोडण्यापेक्षा जुन्या भेगेवर घसरणं सोपं. कोयनेला तर धरणाचं पाणी त्या भेगांत मुरतं, त्यांची पकड ढिली करतं.

ती ऐकत होती, दोऱ्याला गाठ मारत होती.

"धरणाच्या आधी कुणाला ठावं नव्हतं व्हय?"

"नव्हतं. हा मुलूख भूकंपाचा नाहीच, असं समजत."

"आमच्या किल्लारीतही" हे पुढचे शब्द घशातच राहिले. राग आला, कुणावर ते कळेना. तिने पाठीवरून हात फिरवला आणि दिंडी गाठायला उठली.

दोरा तिसऱ्या दिवशी, माळशिरसला, आपोआप गळला.

वाखरीला पाटणकडच्या दिंड्या धुंडाळल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. तेलाची बाटली आणि निळी पिशवी एवढीच खूण. रात्री उशिरापर्यंत तंबूतंबूतून वाकून बघत फिरले.