'कोयता'ला इंग्रजीत काय म्हणायचं? माझा पहिला पेपर

खोटं कशाला बोलू, आत्तापर्यंत मी परिषदांना गेले ती सर्टिफिकेटसाठी. मागच्या रांगेत बसायचं, जेवणानंतरच्या सेशनला डुलक्या काढायच्या, बॅग घ्यायची आणि परत. बीड जिल्ह्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे पगार तासावर आणि फिल्डवर्कचं सुपरव्हिजन मात्र चोवीस तास. त्यामुळे संशोधन वगैरे मोठ्या लोकांचं काम असंच डोक्यात होतं.

विषय सापडला तो अपघातानं. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, मुलांचे आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्कचे असतात, मग रिपोर्ट लिहायचा आणि आयसीला, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्सला, आमच्यासमोर येऊन बसायचं. एक मुलगी फेअर रिपोर्ट घरी विसरली म्हणून बिचकत बिचकत कच्ची वहीच घेऊन आली. ऊसतोड कामगारांच्या वस्तीवरची नोंद, दसऱ्याच्या आधीची, लोक अजून कारखान्यावर निघाले नव्हते तेव्हाची. त्यात लिहिलं होतं, "बाई म्हणल्या, औंदा बी उचल फिटंना. मोठीचं लगीन लावून देऊ, तिचा कोयता वेगळा झाला की तिची उचल वेगळी येती." उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले पैसे. मोठी म्हणजे नववीतली पोरगी. दुसऱ्या दिवशी फेअर रिपोर्ट आला, इंग्रजीत, छान टाइप केलेला, आणि त्या अख्ख्या गोष्टीचं एकच वाक्य झालेलं, 'क्लायंट शेअर्ड फॅमिली फायनान्शियल प्रॉब्लेम्स.' वर 'रॅपो वॉज बिल्ट', म्हणजे समोरच्याशी विश्वासाचं नातं जुळलं. हा रॅपो आमच्याकडं प्रत्येक रिपोर्टात पहिल्या दहा मिनिटांत बिल्ट होतो.

ती नववीतली पोरगी गेली कुठं? वहीत होती, रिपोर्टात नाही. रिपोर्टवाल्या मुलीला म्हणलं अगं मराठीत लिहिलं तरी चालतं की आपल्याकडं. तर म्हणे, मॅडम, चालतं पण मार्क इंग्रजीला पडतात. आता यावर मी काय बोलणार, मार्क देणारी मीच ना.

मग ठरवलं की वह्या आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आणि त्यावर मुंबईतल्या एका परिषदेत पेपर वाचायचा. पण इथं पहिली अडचण आली ती कन्सेंटची. मी सुपरव्हायझर, मार्क माझ्या हातात, माझ्याच विद्यार्थ्याला 'तुझी वही देशील का' विचारलं तर नाही कोण म्हणेल? म्हणून निकाल लागून बाहेर पडलेल्या बॅचलाच विचारलं, आणि तेही मी नाही, दुसऱ्या सरांनी. अठरा जणांनी दिल्या. माणसांची, गावांची, मुकादमांची सगळी नावं काढली, तरी लक्षात आलं की एवढ्याशा वस्तीत 'तीन पोरींची विधवा आई' एवढं म्हणलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते, मग तसले तपशील पण बदलले. या कामात जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशातच गेला नाही आणि पेपरात त्याला दोन ओळी मिळतात.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपराचा सारांश) ३०० शब्दांचा, इंग्रजीत. पहिला मी असा काही लिहिला की मलाच परत वाचून कळेना. माझ्या जुन्या मॅडमना पाठवला, त्यांचा फोन आला, "हे काय लिहिलंयस बाई? मला फोनवर सांगितलंस तसं लिही ना." तसं लिहिला, आणि सिलेक्ट झाला. मेल आल्यावर आनंद झाला पण पाठोपाठ रजिस्ट्रेशन फी आली, ती खिशातून. आणि तासिकावाल्यांना ड्युटी लीव्ह कसली, तास बुडला की पैसे बुडाले. ऊसतोडीत एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा धरतात, पैसे कापतात, तसाच आमचा पण खाडाच म्हणायचा.

पीपीटी केली बावीस स्लाइडची. वेळ किती, तर दहा मिनिटं. सुरुवातीला इतिहास घातला होता, १९३६ ला मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, तेच पुढं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, झालं, ते उभं करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याआधी नागपाड्यात काम करायचे, अमेरिकन मराठी मिशनतर्फे. मिशनच्या नावात मराठी आहे आणि आपलं शिक्षण मात्र इंग्रजीतून आलं, असा मोठा मार्मिक मुद्दा होता माझा. घरी मोबाईलवर टायमर लावून बोलून बघितलं तर सतरा मिनिटं. लेक म्हणाली, आई, ते इंग्रजांचं काढ. (मॅन्शार्ट अमेरिकन, पण असो.) काढलं. नऊ मिनिटांवर आणलं.

देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबई. माझं सेशन दुपारी, जेवणानंतरचं अर्थातच, एकाच वेळी चार खोल्यांत चार सेशन चालू आणि आमच्या खोलीत मोजून चौदा माणसं, त्यातले पाच तर आम्हीच प्रेझेंटर. पेनड्राइव्ह लावला, चौथी स्लाइड आली आणि ज्या वाक्यासाठी एवढा खटाटोप केला त्या वाक्याच्या जागी नुसतं गिचमिड. ती स्लाइड मी कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केली होती, आणि तो फॉन्ट तिथल्या मशीनवर नव्हता. पोटात गोळाच आला. तुम्हाला सांगते, मराठी टाकायचं असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा, आणि पीडीएफ करून एक कॉपी स्वतःला मेल करून ठेवा.

नशीब, वहीच्या त्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये होती. काढली आणि वाचली, मराठीतच, ती बाई बोलली असेल तसं. चेअरवर तमिळनाडूचे एक सर होते, ते म्हणाले परत वाचा, सावकाश, आणि एकेक शब्द सांगा. कोयता म्हणजे सिकल ना? म्हणलं, नाही सर, कोयता म्हणजे नवराबायको. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, जोडपं म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यामागं. पोरीचं लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. सर थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. या एका वाक्यात माझी चार मिनिटं गेली, फाइंडिंगच्या सहा स्लाइड तशाच राहिल्या आणि समोर 'दोन मिनिटं' लिहिलेली चिठ्ठी आली.

प्रश्न तीन आले. सॅम्पल अठराच का, हा तर येणारच होता, त्याचं उत्तर पाठ होतं. दुसऱ्यांनी प्रश्न विचारायच्या नावाखाली स्वतःच्याच पेपराबद्दल सांगितलं. तिसऱ्या एक वयस्कर बाई होत्या, मागच्या रांगेतल्या, मला वाटलं झोपल्यात. त्यांनी अ‍ॅबस्ट्रॅक्टचं पुस्तक उघडून धरलं आणि मराठीतच विचारलं, "तुमच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये सीझनल मायग्रंट लेबरर्स पाच वेळा आहे. कोयता एकदाही नाही. असं का हो?"

काय सांगणार. म्हणलं, मॅडम, सिलेक्ट व्हायला पाहिजे होता ना. सगळे हसले, त्याही हसल्या, पण ते मला फार लागलं. परतीच्या गाडीत तेच डोक्यात, मी त्या वहीवाल्या विद्यार्थिनीला जे बोलले तेच मी पण केलं होतं आणि कारणही तेच, मार्कांचं.

आता फुल पेपर मागितलाय, सहा हजार शब्द, परत इंग्रजीतच. या वेळी कोयता, उचल, मुकादम हे शब्द तसेच ठेवलेत. उचलीला अ‍ॅडव्हान्स म्हणता येतं, पण अ‍ॅडव्हान्स पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसत नाही, म्हणून ती उचलच राहिली आणि समजावून सांगायला अर्धं पान गेलं. काल रात्री खाड्यावर अडले होते. अ‍ॅबसेंटीझम लिहिलं, खोडलं. ज्या मुलीची वही होती ती आता एका संस्थेत नोकरीला आहे, तिला व्हॉट्सअ‍ॅप केला की खाड्याला काय लिहू गं. तिचा रिप्लाय आला, "मॅडम खाडाच लिहा, मार्क मी देते."