सुट्टीतली ड्युटी

२८ नोव्हेंबर २०२५, फेएटव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

काल थँक्सगिव्हिंग झालं. मी शिकवते ती शाळा आज बंद, म्हणून सकाळीच शेजारच्या आजींकडे परदेशातल्या सैनिकांसाठी खोकी भरायला गेले. शेजारच्या म्हणजे युटाहहून आलेल्या, मॉर्मन चर्च या पंथाच्या मिशनरी. नवराबायको दोघंही सत्तरीला टेकलेले. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर नाव. त्यांना ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ म्हणायची रीत आहे, पण माझ्या मनात ते पहिल्या आठवड्यातच आजोबा-आजी झाले.

मिशनरी म्हटल्यावर मी आधी जरा अंतर राखून होते. पांढरे शर्ट घालून दारोदार पुस्तकं वाटणारी पोरं सगळ्यांनीच पाहिलेली असतात. हे दोघं त्यातले नव्हेत. यांची नेमणूकच लष्करी कुटुंबांसाठी आहे. फोर्ट ब्रॅगच्या, म्हणजे इथल्या लष्करी तळाच्या, फाटकाच्या आत धर्मप्रचार चालत नाही, तिथे शब्द चॅप्लेनचा, म्हणजे लष्करी धर्मगुरूचा. मुख्य काम स्वतःच्या पंथाच्या सैनिकांचं आणि त्यांच्या बायकामुलांचं. पण अडलेल्या माणसाला ते आधी पंथ विचारतात असं मला तरी दिसलेलं नाही. अशी सेवा सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत करता येते, आणि घरभाडं, पेट्रोल, किराणा सगळं पदरमोड करून.

खोकी पोस्टाचीच, ठराविक दराची. भरा किती भरायचं ते, भाडं तेच. परदेशातल्या सैनिकांच्या एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या, पत्त्याला थोडी सवलतही मिळते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत टाकली नाहीत तर ख्रिसमसला पोचायची खात्री नाही, म्हणून ही घाई. मोजे, वेट वाइप्स, सरबताची पूड, बदाम, जर्की म्हणजे सुकवलेलं मांस. पाकीट आत जाण्याआधी आजी चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचतात, कारण मध्यपूर्वेतल्या पत्त्यांवर डुकराचं मांस चालत नाही. चॉकलेटला सरळ नकार, वितळून सगळं लडबडतं. मी चकल्या नेल्या होत्या. त्यांनी एक खाल्ली, दुसरी दोन बोटांत धरून हलकेच दाबली, तुकडे पडले. ‘या आपण इथेच संपवू,’ म्हणाल्या. शंकरपाळे पास झाले. कस्टमच्या कागदावर मी ‘होममेड कुकीज’ लिहिलं. आईने वाचलं तर घरात घेणार नाही.

आमच्या अण्णांच्या पत्त्यातही एपीओच असायचं, ‘द्वारा ५६ एपीओ’. मराठा लाइट इन्फन्ट्री. त्यांची पलटण नेमकी कुठल्या डोंगरात बसलीय हे पत्त्यावरून पोस्टमनलाही कळायचं नाही, आम्हालाही नाही. दिवाळीची रजा पाळीपाळीने, त्यामुळे अण्णा घरी असलेली दिवाळी म्हणजे लॉटरीच. पण आमचं गाव साताऱ्याकडचं. जवळच अपशिंगे मिलिटरी, जिथले ४६ जण पहिल्या महायुद्धातच गेले. फौजीचं घर म्हणजे काय हे तिथे कोणाला समजवावं लागत नाही. फटाके चुलत्यांनी आणायचे, आकाशकंदील आत्याच्या पोरांनी टांगायचा, आणि आईला ताप आला तर भावकीतल्या चार जणी न बोलावता चुलीपाशी. भांडणं होती, बांधावरून तर कोर्टापर्यंत गेलेली, तरीसुद्धा.

इथे फौजींची दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यांच्या बायकांचं सासर टेक्सासात, माहेर ओहायोत. भावकी आणणार कुठून?

१२ डिसेंबर

आजींकडून एक गोष्ट शिकले. जिचा नवरा बाहेर मोहिमेवर आहे तिला दोन प्रश्न कधीच विचारायचे नाहीत: कुठे आहे, आणि परत कधी येणार. एक म्हणजे तिने सांगायचंच नसतं, सुरक्षेचा नियम. दुसरं म्हणजे परतीची तारीख पुढे सरकली की प्रत्येक विचारणाऱ्याला नव्याने सांगत बसावं लागतं. म्हणून आजी विचारतात, ‘गाडीचं तेल कधी बदललं होतंस?’

शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलाने आज सांताला पत्र लिहिलं. बाबा हवेत वगैरे काही नाही, ट्रॅम्पोलिन हवी. मला बरं वाटलं.

गावातल्या कितीतरी पाट्या बदलून पुन्हा बदलल्या आहेत. २०२३ मध्ये ब्रॅगचं ‘फोर्ट लिबर्टी’ झालं, कारण मूळचा ब्रॅग गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती. यंदा पुन्हा ‘फोर्ट ब्रॅग’, पण आता म्हणे दुसऱ्या महायुद्धातल्या, त्याच आडनावाच्या एका साध्या शिपायाच्या नावाने. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. राजकारणावर ते कधीच बोलत नाहीत, हाही बहुतेक नेमणुकीचाच भाग असावा.

२४ डिसेंबर, रात्र

झोप येत नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईचा नवरा उन्हाळ्यापासून बाहेर. दोन मुलं. थोरलीसाठी सायकल आणलेली, खोक्यात सुट्या भागांत. मुलं झोपल्यावर आठ-साडेआठला तिचा आजींना फोन. मी तिथेच बसले होते. हे लोक चहा-कॉफी पीत नाहीत, म्हणून मी गवती चहा आणि आलं उकळून नेलं होतं, चहापत्तीशिवाय. तो टाकून आम्ही तिघं निघालो.

गॅरेजमध्ये लादीवर जांभळी सायकल अर्धवट उभी. तिने तासभर खटपट केलेली दिसत होती. हाताला वंगण, डोळे लाल. आजोबा गुडघ्याखाली घडी केलेलं टॉवेल घेऊन खाली बसले. हवाई दलात इंजिनांवर उभी हयात गेलेला माणूस. त्यांनी सायकल एकदा नुसती पाहिली आणि माझ्याही लक्षात आलं: पुढचा फोर्क उलटा बसवला होता. चाक मागे, पॅडलला घासत. त्यांनी हँडलचा बोल्ट सैल केला, फोर्क अर्धा फिरवला, पुन्हा आवळला, आणि म्हणाले, ‘हे कंपनीवाले चित्रं इतकी वाईट काढतात, कोणाला कळणार?’ चित्र माझ्यासमोरच पडलं होतं. अगदी स्वच्छ होतं. धर्माच्या माणसाला एवढं खोटं माफ असावं. एक नट सापडेना, तर खिशातून गोळ्यांची डबी काढली. तिच्यात गोळ्यांऐवजी नट-वायसर. ब्रेकची तार ओढून बघितली, मग ढिली केली, कारण सहा वर्षांच्या बोटांना ती जड जाईल.

आजी तोवर घरात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ती बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. तिला कोणी बोलायला लावलं नाही, आणि ती बोललीही नाही.

येताना आजी सांगत होत्या. १९९०च्या डिसेंबरात आजोबा वाळवंटात, आखाती युद्ध तोंडावर, घरात तीन मुलं. ऐन थंडीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. ‘काही लागलं तर सांग’ असं चर्चमधल्या सगळ्यांनी म्हणून ठेवलं होतं. ‘आणि मी सगळ्यांना म्हणाले, काही नको. कोणाला सांगणार? आणि काय काय? म्हणून आता मी विचारतच नाही. मंगळवारी चारला कपड्यांच्या घड्या घालायला येते, एवढंच सांगते. नको असेल तर ती नको म्हणते.’ एकीने खरंच नको म्हटलं होतं, चर्चवाले घरात नकोत म्हणून. आजींनी बरं म्हटलं. दोन महिन्यांनी तिचाच फोन, कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. नेलं. चर्चचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही.

माझ्या मनात मात्र दुसरंच चाललंय. जगात सैन्यावर सर्वात जास्त पैसा खर्च करणारा देश, आणि त्याच्या शिपायाच्या घरातला फोर्क सरळ करायला युटाहचा पेन्शनर लागतो, तोही स्वखर्चाने. पलटणीचे मदतगट आहेत, नाही असं नाही. पण ते चालवणाऱ्या बायकांचे नवरेही त्याच विमानात बसून गेलेले असतात!

२५ डिसेंबर

दुपारी आजींकडे बराकीतली पोरं जेवायला. एकोणीस-वीस वर्षांची, कोणाला रजा मिळाली नाही, कोणाकडे तिकिटाला पैसे नव्हते. मला ‘मॅम’ म्हणतात, मला वय झाल्यासारखं वाटतं. हॅम, पाव, आणि चीज-बटाट्याचा एक प्रकार, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. नाव ‘फ्युनरल पोटॅटोज’. युटाहकडे मयताच्या घरी नेतात म्हणून. आपण पिठलं-भात नेतो, पण पाडव्याला कोणी ते ताटात वाढणार नाही. पोरांनी परात चाटूनपुसून साफ केली.

मध्येच नातवंडांचा व्हिडिओ कॉल. फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला. धाकटी नात फुगून बसलेली: आजी आमच्याकडे नाही, आणि ही कोणाची मुलं वाढून घेतायत? एका पोराने तिला हात केला, तिने केला नाही. आजींनी तिला समजावायचा प्रयत्नही केला नाही. तिचं खरंच आहे. एका घरी आजी हवी तर दुसऱ्या घरी ती कमी पडणार.

१ जानेवारी २०२६

या गावात ३१ डिसेंबरला लोक फोन उशाशी घेऊन झोपतात. २०१९च्या ३१ तारखेला बगदादच्या अमेरिकी वकिलातीवर हल्ला झाला आणि इथल्या ८२ व्या एअरबोर्नचे, म्हणजे छत्रीधारी डिव्हिजनचे, साडेसातशेच्या आसपास जवान तडकाफडकी कुवेतला निघाले. पुढच्या काही दिवसांत अख्खी ब्रिगेड. ही तुकडी १८ तासांत निघायच्या तयारीत ठेवलेली असते, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्या रात्री पार्ट्या अर्ध्यावर मोडल्या. वैयक्तिक मोबाईलही सोबत न्यायला मनाई होती. काल रात्री बारापर्यंत कोणाचा फोन वाजला नाही. कोपऱ्यावरच्या घरी आजी झोपायला गेल्या होत्या, फक्त तेवढ्यासाठी.

सकाळी आईला फोन केला. तिला हे सगळं सांगितलं. सायकल, खोकी, बटाटे. ती बराच वेळ गप्प ऐकत होती. मग म्हणाली,

‘स्वतःच्या पैशानं?’

‘हो.’

‘सणावारी घर सोडून?’

‘हो गं.’

‘आणि त्यांच्या सुना काही म्हणत नाहीत?’

विचारून सांगते म्हटलं.